विश्लेषण : महसीर यादीत वाचला, इंद्रायणीत वाचेल का?

लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी गेली पाच दशके महसीर माशाची पिल्ले तयार केली जातात. टाटा पॉवरच्या या केंद्रातून लाखोंच्या संख्येने पिल्ले देशभरातल्या नद्यांत आणि जलाशयांत गेली. निळ्या पंखांचा महसीर जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत २०११ मध्ये 'संकटग्रस्त' होता. आता तो 'कमी चिंतेच्या' गटात आहे. २०२० मध्ये ही बातमी आली तेव्हा लोणावळ्याचे नाव अभिमानाने घेतले गेले आणि ते योग्यही होते.

पण वळवणपासून गाडीने तासाभराच्या अंतरावर, त्याच इंद्रायणीच्या काठी, देहूत गेल्या काही वर्षांत मासे मरून वर आल्याच्या बातम्या आल्या. त्यात महसीरही होते. आळंदीत वारीच्या तोंडावर नदीवर पांढरा फेस दिसतो आणि त्याची छायाचित्रे आता कुणाला नवीन वाटत नाहीत. म्हणजे मासा वाचवण्याचे केंद्र नदीच्या उगमाशी आणि मासा मरण्याची जागा त्याच नदीच्या खालच्या अंगाला. मधली चाळीसेक किलोमीटरची नदी कुणाची, हा खरा प्रश्न आहे. त्यावर 'संवर्धन करार' हे एक उत्तर जगात काही ठिकाणी वापरले गेले आहे. मावळात ते लागू पडेल का, कुठे पडेल आणि कुठे अजिबात पडणार नाही?

महसीर हा नेमका कोणता मासा?

मोठे खवले, जाड ओठ, तोंडाजवळ मिशांच्या दोन जोड्या आणि प्रवाहाविरुद्ध पोहण्याची ताकद, ही या कुळाची ओळख. आपल्याकडचा निळ्या पंखांचा महसीर म्हणजे 'टॉर खुद्री'. मराठीत त्याला खडशी असेही म्हणतात. कर्नल साईक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांवरच्या लेखनात त्याचे शास्त्रीय वर्णन केले, तो नमुना पुण्याच्या पूर्वेकडच्या मुळा-मुठेतला होता. जगात कुठेही या माशाचे नाव घेतले तरी त्याचा शास्त्रीय पत्ता पुण्याचाच लागतो. आज त्या पत्त्यावर जाऊन पाहिले तर काय दिसेल, हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको.

हा मासा नखरेल आहे. त्याला वाहते, स्वच्छ, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. उन्हाळ्यात तो खोल डोहांत राहतो. पावसाळ्यात नदी फुगली की वरच्या ओढ्यांकडे चढतो आणि गोट्या-खड्यांच्या तळावर अंडी घालतो. रोहू-कटल्याची मादी वजनाच्या प्रत्येक किलोमागे अंडी देते ती लाखाच्या हिशेबात, महसीरची मादी हजारांच्या. अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू पहिले काही दिवस उजेड टाळत खड्यांच्या फटीत पडून असते. त्यामुळे तळातली वाळू आणि गोटे उपसले, तर तिथे मासा पकडला नाही तरी त्याची पुढची पिढी गेलेली असते. काठावरच्या उंबर-जांभळाची पडलेली फळेही तो खातो, म्हणजे काठावरची झाडे तोडली की त्याच्या ताटातला घास कमी होतो.

वळवणला नेमके काय केले गेले?

१९७०च्या दशकात हे काम सुरू झाले तेव्हा महसीरची कृत्रिम पैदास जमत नव्हती. राज्याचे माजी मत्स्यव्यवसाय संचालक डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि टाटा वीज कंपन्यांचे मत्स्य अधिकारी एस. एन. ओगले यांनी ती जमवली. पावसाळ्यात तलावाला मिळणाऱ्या ओढ्यांच्या तोंडाशी येणारे नर-मादी जाळ्यात धरायचे, पोटावर हलका दाब देऊन अंडी आणि शुक्र काढून एकत्र करायचे, फलित अंडी वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवायची. तीन-चार दिवसांत पिल्ले बाहेर येतात. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली : महसीरची अंडी पाण्याशिवाय, ओल्या कापसात ठेवूनही लांबच्या प्रवासाला पाठवता येतात. या साध्या युक्तीमुळे लोणावळ्याचा महसीर राज्याराज्यांत पोहोचला.

अडचणही तिथेच सुरू झाली. लोणावळ्याची पिल्ले कर्नाटकात कावेरीतही सोडली गेली. कावेरीत आधीपासून स्वतःचा, नारिंगी पंखांचा आणि पाठीवर कुबड असलेला महसीर होता. पन्नास किलोपर्यंत वाढणाऱ्या या माशासाठी जगभरचे गळकरी कावेरीकाठी येत. निळ्या पंखांचा पाहुणा तिथे फोफावला आणि मूळचा कुबडवाला कमी होत गेला. २०१५ मध्ये संशोधकांनी गळकऱ्यांच्या नोंदवह्यांच्या आधारे हा बदल दाखवून दिला. या कुबडवाल्याचे शास्त्रीय नाव 'टॉर रेमादेवी' हे निश्चित झाले ते २०१८ मध्ये. तोवर तो 'अतिसंकटग्रस्त' झाला होता. त्याच्या घसरणीला धरणे, सुरुंग लावून होणारी मासेमारी, वाळूउपसा अशी इतर कारणेही आहेत, सगळा दोष एका माशावर टाकता येत नाही. पण एका नदीतला मासा वाचवताना दुसऱ्या नदीतला धोक्यात येऊ शकतो, हा धडा फार महाग मिळाला.

म्हणून महसीरच्या बाबतीत 'किती लाख पिल्ले सोडली' हा आकडा मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. सोडलेल्यांपैकी किती जगली, किती मोठी होऊन त्याच नदीत पुन्हा अंडी घालू लागली, हा आकडा हवा. पिल्ले सोडण्याच्या कार्यक्रमाला पाहुणे असतात, फोटो असतात. पुढच्या वर्षी त्याच जागी जाऊन मोजणी करायला कुणी बोलावत नाही.

मग 'कमी चिंता' म्हणजे धोका टळला का?

नाही. लाल यादी एका जातीचा तिच्या साऱ्या प्रदेशात मिळून विचार करते. एखादा मासा पाच राज्यांत टिकून असेल आणि एका खोऱ्यातून संपत आला असेल, तरी यादीत त्याची स्थिती बरी दिसू शकते. शिवाय जलाशयात सोडलेला मासा आणि नदीत जन्मलेला मासा यांत फरक आहे. जलाशयातला महसीर दरवर्षी माणसाच्या हातून जन्माला घालावा लागत असेल, तर ती गोठ्यातली गाय झाली, रानातला गवा नव्हे.

मावळात नदीचे गणितही वेगळे आहे. लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण त्यातले बरेच पाणी इंद्रायणीतून खाली येतच नाही. लोणावळा, वळवण, शिरवता या तलावांत अडवलेले पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून १९१५ पासून वीज केली जाते. ठोकरवाडीचे पाणी १९२२ पासून भिवपुरीला जाते. मुंबईच्या गिरण्या आणि लोकल या पाण्यावर चालल्या, हे खरे. पण पूर्वेकडे वाहणाऱ्या नदीचे माथ्यावरचे पाणी पश्चिमेकडे वळले, हेही खरे. उरलेल्या नदीत लोणावळ्यापासून कामशेत, वडगाव, तळेगावपर्यंतचे सांडपाणी येते, बंगले-रिसॉर्टच्या सेप्टिक टाक्या झिरपतात, कारखान्यांचे पाणी मिसळते, पात्रातून वाळू जाते आणि बंधारे माशाची चढण अडवतात. तिलापिया आणि आफ्रिकन मांगूर यांसारखे बाहेरचे मासे आहेत ते वेगळेच.

संवर्धन करार म्हणजे काय?

कल्पना साधी आहे. ज्या लोकांच्या वागण्यावर एखाद्या प्राण्याचे जगणे अवलंबून आहे, त्यांच्याशी लेखी बोलणी करायची. ते काय करतील किंवा काय सोडतील हे ठरवायचे, त्याबदल्यात त्यांना काय मिळेल हे ठरवायचे, पाळले की नाही हे कसे तपासायचे ते ठरवायचे आणि न पाळल्यास लाभ थांबेल असे कलम ठेवायचे. यात 'तुम्ही निसर्गावर प्रेम करा' असा उपदेश नसतो. तुमचे नुकसान होणार आहे, ते आम्हाला मान्य आहे आणि त्याची भरपाई अशी, एवढीच भाषा असते.

माशांच्या बाबतीत याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतल्या माँटाना राज्यातले आहे. तिथल्या बिग होल नदीत आर्क्टिक ग्रेलिंग नावाचा देशी मासा कमी होत चालला होता. नदीकाठची जमीन खासगी, गुरे पाळणाऱ्यांची आणि सिंचनाचे पाण्याचे हक्कही त्यांचेच. २००६ पासून तिथे करार झाले. शेतकऱ्यांनी टंचाईच्या काळात नदीत थोडे पाणी राहू द्यायचे, काठावर कुंपण घालून गुरांना आवरायचे, पाटाच्या तोंडाशी माशांना चढायला वाट ठेवायची. बदल्यात सरकारचा शब्द असा की, उद्या हा मासा संकटग्रस्त प्राण्यांच्या कायद्याखाली आला तरी करार पाळणाऱ्यावर जास्तीची बंधने येणार नाहीत. २०१४ मध्ये माशाला त्या यादीत घालण्याची गरज नाही असा निर्णय झाला, त्यात या करारांचा आधार घेतला गेला. पर्यावरण संस्थांना तो पटला नाही, त्या न्यायालयात गेल्या आणि वाद वर्षानुवर्षे चालला. म्हणजे करार ही जादूची कांडी नाही. पण शेतकऱ्याला शत्रू न मानता नदीत पाणी ठेवता येते, एवढे तिथे दिसले.

आपल्या देशातले उदाहरण माशाचे नाही, पाण्याचे आहे. हिमाचल प्रदेशात पालमपूर शहराला बोहल झऱ्याचे पाणी मिळते. झऱ्याच्या वरच्या जंगलाची राखण करणाऱ्या गावांच्या समितीशी पालमपूर नगर परिषदेने २०१० मध्ये करार केला आणि त्यासाठी दरवर्षी ठरावीक रक्कम देण्याचे मान्य केले. रक्कम मोठी नाही. पण खालच्या शहराने वरच्या गावाचे देणे कागदावर मान्य केले, हे महत्त्वाचे.

आपल्याकडे असे काही आहे का?

आहे, फक्त ते कागदावर नाही. रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातल्या वाळण कोंडीत, काळ नदीच्या डोहात महसीर मोठ्या संख्येने आहेत. डोह देवीचा, म्हणून मासे देवीचे, म्हणून गावात ते कुणी धरत नाही. पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातल्या तिळसे गावी वैतरणेच्या काठी महादेवाचे मंदिर आहे, तिथल्या डोहातले मासेही असेच राखलेले. देहूला इंद्रायणीच्या डोहात भाविक माशांना चुरमुरे-फुटाणे घालतात, गळ टाकत नाहीत. हा एका अर्थाने करारच आहे. माणसाने माशाला हात लावायचा नाही आणि बदल्यात देवाची कृपा. पिढ्यान्पिढ्या तो पाळला गेला, कारण मोडणाऱ्याला गावात तोंड दाखवणे कठीण होते.

देवाच्या या कराराची मर्यादा मात्र देहूनेच दाखवली. डोहाच्या काठावरचा माणूस श्रद्धेने हात आवरतो, पण वीस किलोमीटर वरून येणाऱ्या सांडपाण्याला श्रद्धा नसते. डोह राखून भागत नाही, डोहात येणारे पाणी राखावे लागते. आणि महसीरला तर डोहही पुरत नाही, अंडी घालायला वरचा ओढा हवा.

कायद्याच्या चौकटीतही जागा आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायत-नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. महाराष्ट्रात जवळपास सगळीकडे या समित्या कागदोपत्री स्थापन झाल्या, लोक जैवविविधता नोंदवह्याही तयार झाल्या. याच कायद्याखाली २०२१ मध्ये आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाजवळची २.११ हेक्टर जागा 'जैविक वारसा स्थळ' म्हणून जाहीर झाली, तीही एका छोट्या माशासाठी. तिथल्या मंदिराच्या कुंडात सापडलेल्या या माशाचे नावच 'शिस्टुरा हिरण्यकेशी' आहे. जागा लहान, मासा बोटभर, तरी सरकारने त्यासाठी अधिसूचना काढली. महसीरसाठी एवढ्याशा जागेने काम होणार नाही, कारण तो एका कुंडात राहत नाही. पण गावाची समिती, स्थानिक निधी आणि राज्याची मान्यता या तिन्ही गोष्टी कायद्यात तयार आहेत, नव्याने बनवायच्या नाहीत.

मावळात करार कुणाशी करायचा?

इथे माझे मत स्पष्ट आहे. जे बेकायदा आहे ते थांबवण्यासाठी कुणाला एक रुपयाही देऊ नये. पाण्यात विष किंवा सुरुंग टाकून मासे मारणे ब्रिटिशांच्या १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे आणि महाराष्ट्राचा स्वतंत्र मत्स्य कायदाही १९६० पासून आहे. नगरपालिकेने मैला नदीत सोडणे, कारखान्याने रसायन सोडणे, परवान्याशिवाय वाळू उपसणे यासाठी करार नको, कारवाई हवी. 'आम्ही प्रदूषण कमी करू, तुम्ही आमचा सत्कार करा' असल्या सामंजस्य करारांची आपल्याकडे कमी नाही.

करार करायचा तो हक्क सोडणाऱ्याशी. मावळात असे दोन-तीन गट ठळक आहेत.

पहिला गट चढणीचे मासे धरणाऱ्यांचा. मृगाचा पाऊस पडला, ओढे वाहू लागले की रात्री बत्त्या घेऊन माणसे ओढ्यात उतरतात. प्रवाहाविरुद्ध वर येणारे मासे जाळ्यात, सापळ्यात, कधी नुसत्या हातांनी धरले जातात. कोकणात याला वलगण म्हणतात, घाटावर चढण. वर्षातली ही सर्वांत चवदार आणि सर्वांत आनंदाची मासेमारी. मात्र वर येणारा तो मासा बहुतेकदा अंड्यांनी भरलेला असतो. शहरातून हौसेने येणाऱ्यांना मनाई करणे सोपे आहे. पण कातकरी कुटुंबासाठी ही हौस नाही, जून-जुलैत कामे मंदावलेली असताना तेच कालवण असते आणि विकून मिळणारे चार पैसेही. त्यांना 'मासा दुर्मीळ आहे, धरू नका' असे सांगून घरी येणे हा उद्धटपणा झाला.

हिशेब करून पाहू. समजा एका ओढ्यावर वीस कुटुंबे चढणीचे मासे धरतात. प्रत्येकाला रात्री दोन किलो मिळतात, अशा पंधरा रात्री आणि भाव किलोला २०० रुपये. एका कुटुंबाचे ६,००० रुपये, वीस कुटुंबांचे १ लाख २० हजार. आकडे गृहीत धरलेले आहेत, प्रत्येक ओढ्यावर ते लोकांसमोर बसून ठरवावे लागतील. पण अंदाज यावा म्हणून सांगतो, लोणावळ्यात पावसाळ्यातल्या एका शनिवार-रविवारी जी उलाढाल होते तिच्यापुढे ही रक्कम किरकोळ आहे. नुसती भरपाई देण्यापेक्षा याच कुटुंबांना त्या दोन महिन्यांसाठी ओढ्याचे राखणदार म्हणून मजुरी दिली तर आणखी बरे. कोणत्या दगडामागे मासा थांबतो हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक आहे?

दुसरा गट भातशेतकऱ्यांचा. ओढ्याच्या काठाची चार-पाच मीटरची पट्टी न फोडणे, तिथली उंबर-जांभूळ-करंज राखणे, लावणीनंतर तणनाशक आणि कीटकनाशक ओढ्यात जाणार नाही अशी बांधाची काळजी घेणे, एवढेच त्यांच्याकडून हवे. बदल्यात? वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने दिलेला 'इंद्रायणी' आज राज्यभर विकला जातो आणि त्या नावाखाली कुठलाही तांदूळ खपवला जातो, अशी मावळच्या शेतकऱ्याची जुनी तक्रार आहे. ज्या खोऱ्यात नदीत महसीर आहे त्या खोऱ्यातला इंद्रायणी, असा शिक्का मिळाला तर पुण्या-मुंबईचा ग्राहक किलोमागे पाच-दहा रुपये जास्त देईल. अर्थात असे शिक्के कागदावरच राहतात हा अनुभव आहे, विक्रीची हमी घेणारा कुणी असल्याशिवाय शेतकऱ्याला हे सांगायला जाऊ नये.

तिसरा पक्ष टाटा पॉवर. आजवर कंपनी या गोष्टीत दाता म्हणून आली. करारात तिने पक्ष म्हणून यावे, कारण माथ्याचे पाणी तिच्या हातात आहे. पैदास केंद्राला कंपनीचे पैसे मिळतात हे चांगलेच, पण महसीरला जून-जुलैत ओढ्यात वाहते पाणी हवे. धरण भरून सांडेपर्यंत खालचा प्रवाह थांबलेला असतो आणि माशाच्या चढणीचा काळ नेमका तोच. त्या आठवड्यांत ठरावीक पाणी खाली सोडले तर विजेचे किती नुकसान होईल, याचा हिशेब कंपनीच्या अभियंत्यांना एका दुपारी करता येईल. तो आकडा लोकांसमोर ठेवावा आणि मग बोलणी व्हावीत. सामाजिक दायित्वाचा निधी पिल्ले सोडण्याऐवजी काही प्रमाणात ओढे राखण्याकडे वळवणे हेही तिच्याच हातात आहे.

लोक सही करतील का?

मावळात पाण्याच्या कागदावर सही मागणे सोपे नाही. मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला त्याला शंभर वर्षे उलटली. शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या आणि वीज मुंबईला गेली. पवना धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न दशकानुदशके रेंगाळला. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेचे पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या विरोधात शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. ज्या तालुक्याच्या आठवणीत हे आहे, तिथे 'नदी वाचवण्यासाठी तुमच्या हक्कावर थोडे बंधन' हे वाक्य ऐकताच माणूस विचारणार, पुढचे पाऊल काय? अभयारण्य? पर्यावरण संवेदनशील क्षेत्र? जमीन?

त्यामुळे करारात पहिली ओळ ती असावी : या करारातून जमिनीवर कोणताही नवा हक्क, नवे आरक्षण येणार नाही. दुसरी, करार तीन किंवा पाच वर्षांचा, नको वाटल्यास गावाला बाहेर पडण्याची मुभा. तिसरी, सही सरपंचाची एकट्याची नको, ग्रामसभेत वाचून, ठराव करून, कातकरी वस्तीतली माणसे हजर असताना. पैसे कुटुंबाच्या खात्यावर जावेत. मधल्या संस्थेच्या खर्चाला वरची मर्यादा असावी. माँटानाच्या करारातला सगळ्यात उपयोगी भाग मासा नव्हता, 'उद्या नियम बदलले तरी तुमच्यावर जास्त ओझे नाही' हा शब्द होता. आपल्याकडे असा शब्द देणारा अधिकारी बदलून गेल्यावर पुढचा तो पाळेल का, ही शंका रास्त आहे. म्हणूनच तो शासन निर्णयात यावा, अधिकाऱ्याच्या तोंडी आश्वासनात नको.

पैसे कुठून येणार, हा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. कंपनीचा निधी आहे, पण एकट्या कंपनीच्या पैशावर करार उभा राहिला तर तो कंपनीच्या जाहिरातीचा भाग होतो. लोणावळ्यातली हॉटेले ज्या धबधब्यांच्या आणि तलावांच्या जोरावर चालतात, त्यांनी खोलीमागे थोडी रक्कम द्यावी. इंद्रायणी आणि पवनेचे पाणी पिणाऱ्या पालिकांनी पालमपूरसारखा वाटा उचलावा. नदी सुधारणेच्या नावाने कोट्यवधींचे आराखडे होतात, त्यात काठाच्या भिंती आणि सुशोभीकरणाऐवजी ओढ्यांसाठी एक छोटा शीर्षक उघडला तरी चालेल.

यश कशावरून ठरवायचे?

पिल्ले सोडण्यावरून नाही, हे वर आलेच. ज्या ओढ्यात करार आहे आणि ज्यात पिल्ले सोडलेली नाहीत, तिथे पावसाळा ओसरताना बोटभर महसीर दिसतात का, ही कसोटी. म्हणजे करारातल्या ओढ्यांत निदान तीन वर्षे बाहेरची पिल्ले सोडू नयेत. नाहीतर ओढ्यात जन्मलेले कोणते आणि केंद्रातले कोणते हे कळणारच नाही. केंद्राला ही अट थोडी खटकेल. त्याच काळात वळवणच्या प्रजननाच्या माशांचीही तपासणी व्हावी, कारण या केंद्रात हिमालयातला सोनेरी महसीरही वाढवला गेला आहे आणि इंद्रायणीत जाणारे पिल्लू इंद्रायणीच्याच वाणाचे असावे, कावेरीची चूक स्वतःच्या अंगणात नको.

मोजणीला प्रयोगशाळा लागत नाही. ओढ्याच्या शंभर मीटरच्या टप्प्यात, ठरावीक दिवशी, राखणदार आणि गावच्या शाळेतली मुले उथळ पाण्यात दिसणारी पिल्ले मोजतील, फोनवर फोटो घेतील. ओळख पटवायला पुण्यात माशांचे अभ्यासक आहेत. शंका आली तर पाण्याचा नमुना गाळून त्यातल्या डीएनएवरून मासा आहे की नाही हेही आता कळते, पण सुरुवातीला डोळेच पुरेत.

पाऊस लागण्याआधी दोन-तीन ओढे निवडायचे असतील तर तलावांच्या वरचे, वस्ती विरळ असलेले, सांडपाणी न मिळणारे निवडावेत. तिथे करार फसला तर कारण करारातच शोधता येईल, दोष गटारावर ढकलता येणार नाही. पहिली मोजणी गणपती उठल्यावर, पाणी निवळू लागले की करावी. आश्विनात पाणी आणखी उतरते, पिल्ले खालच्या डोहाकडे सरकतात आणि मग ती ओढ्यात सापडत नाहीत.